सहावा खळगा

"आत्या, ह्यांना सांगणार नाही असं आधी कबूल करा," मंदा म्हणाली आणि पदराखालची पितळी लोटी काढून तिनं माझ्यापुढे ठेवली.

मी चुलीपुढे भाकरी थापत होते. लोटीत दूध होतं, वर तुळशीचं पान तरंगत होतं.

"काय सांगायचं न्हाई?"

"मला आज पांडवपंगतीला जायचंय. सोमवार आहे. तुम्ही चला ना बरोबर."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा मला भान आलं.

मंदा माझी सून. माहेर पिंपरीचं, शहरात वाढलेली, दहावी पास. माझ्या विलासशी लग्न होऊन तिला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. अकलूजच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासून सांगितलं होतं की दोष कुणातच नाही, धीर धरा. धीर धरायला मंदा तयार होती, पण माणसं धरू देत नव्हती. माझी नणंद दर खेपेला येऊन अंगणातच सुरू करायची, "सगुणे, तुला नातवाचं तोंड बघायचंय का न्हाई? विलासला दुसरी बघ." मंदा आत भांडी घासत असायची. भांडी मग जरा जोरात वाजायची.

"अगं, पण विलासला हे पटायचं न्हाई," मी म्हटलं. "देवदेव आपण कधीच सोडलं. माझ्या सासऱ्यांनी सगळे देव नदीत सोडले, तेव्हा मी नवी नवरी व्हते."

"ते मला माहीत आहे. ते टेम्पो घेऊन सोलापूरला गेलेत, संध्याकाळपर्यंत येत नाहीत." ती माझ्याशेजारी बसली. "आत्या, मी काय देव मानते असं नाही. पण राऊतांच्या सुनेला झालं. शिंप्याच्या मुलीला झालं. सगळं करून बघितलं, आता हे एक राहिलंय. उद्या मला असं वाटायला नको की तेवढं करायचं राहून गेलं."

मी हात धुतले आणि लुगडं बदललं.

पांडवपंगत म्हणजे आमच्या कातरखडी गावातला एक काळा दगड. गावाबाहेर जुनी विहीर आहे. विहिरीला उंच चौथरा, आणि चौथऱ्याला लागून खाली जमिनीवर हा लांब-रुंद दगड, जेवायच्या पाटासारखा सपाट. त्यात ओळीनं पाच गोल खळगे, आणि अगदी कडेला, ओळ सोडून, सहावा. तो लहान आणि जरासा वेडावाकडा. गावात नळ आल्यावर विहीर पडीक झाली होती, दगड घाणेरीच्या जाळीत गडप झाला होता. रस्ता रुंद करायला मशीन आलं, त्यानं घाणेरी उपटली आणि दगड उघडा पडला. बघायला गर्दी झाली. पाच खळगे पाहून कुणीतरी बोललं, हे पाच पांडव जेवायला बसले होते. मग सहावा कुणाचा? तो द्रौपदीचा. द्रौपदीची थाळी कधी रिकामी राहत नव्हती, म्हणून जिची कूस रिकामी तिनं तिथं दूध ओतावं. एवढं जमायला एक पावसाळासुद्धा लागला नाही. पत्र्याची शेड आली, घंटा आली, आणि दर सोमवारी शेजारच्या गावांतून बाया येऊ लागल्या.

माझं माहेर आणि सासर एकाच वस्तीतलं, तो दगड मला लहानपणापासून ठाऊक होता. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मी तिकडे फिरकले नाही.

वाटेत मंदा पुढे आणि मी मागे. "आत्या, भरभर चला ना, रांग वाढेल," असं ती म्हणायची आणि लोटी हिंदकळू नये म्हणून स्वतः मात्र हळू चालायची.

शेडपाशी रंगवलेली पाटी होती. मी साक्षरतेच्या वर्गात म्हातारपणी अक्षरं शिकले. अजूनही पाटी दिसली की वाचल्याशिवाय पाय पुढे जात नाही. मी एकेक अक्षर जुळवलं. श्री पांडवपंगत, जागृत स्थान.

"या मावशी, या!" सरपंच उत्तम जगदाळे पुढे आला. त्यानंच ही शेड बांधली होती. तसा पोरगा भला. आमच्या वस्तीला गटार काढून दिलं होतं त्यानं, आणि नुसतं मतांसाठी नाही. "तुम्ही पहिल्यांदाच आलात. वहिनी, रांगेत उभ्या राहा, आज लवकर नंबर लागेल."

चौथऱ्यावर उत्तमची बायको ओल्या केसांनी, सोवळ्यात उभी होती. खाली बाया एकेक करून सहाव्या खळग्यात दूध ओतत होत्या. मग ती वरून लांब दांड्याच्या पळीनं त्यातलं तीर्थ उचलायची. दगडाला हळदकुंकवाचे थर चढले होते. खळग्यांच्या कडांना शेंदूर. मला तो ओळखूच येईना. लहानपणी उन्हात पाय पोळायचे म्हणून मी त्याच्या एका अंगाला सावलीत उभी राहायची, तेवढी जागा फक्त ओळखीची वाटली.

शेडच्या खांबाला टेकून, खुर्चीवर, उत्तमची आई बसली होती. आनसावैनी. ऐंशीच्या घरात गेलेली बाई, डोळ्यांनी अधू. दूध ओतून झालं की बाया तिच्या पाया पडायच्या. एकच गोष्ट चमत्कारिक होती. तिनं खुर्ची दगडाकडे पाठ करून ठेवली होती.

"आई अशीच बसते," उत्तम हसून म्हणाला. "कितीदा खुर्ची फिरवून ठेवली, परत आपली पाठ करून बसते. पहिला दिवा तिच्या हातून लावायचा होता, तर म्हणाली, माझा हात थरथरतो. घरी मात्र सगळा स्वयंपाक बघते."

मंदा रांगेला लागली. मी वैनीपुढे जाऊन उभी राहिले.

"कोण गं?" तिनं मान वर केली.

"मी सगुणा. आवडाची सगुणा."

तिचा हात खुर्चीच्या दांडीवर होता, तो तिथंच घट्ट झाला.

"आवडाची," ती म्हणाली. मग शेजारचं बाकडं चाचपलं. "हितं बस. खाली नको. हितं."

मी बाकड्याच्या टोकावर टेकले.

"पाठ करून बसलासा वैनी."

"मग काय तोंड करून बसू? त्यांचं त्यांना दिसतंय ते बघू दे. मला दिसतंय ते मला पुरं." तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. "तू आलीस म्हंजे कुणासाठी तरी आलीस."

"सून हाय माझी. रांगेत हाय."

"मूल?"

"व्हय."

"गुणाची हाय का?"

"लई. म्हणून तर आले."

वैनीनं मान हलवली. मागं घंटा वाजत होती, बाया एकमेकींना ढकलत होत्या, "अगं ए, माझा नंबर होता!" "तुझा कसला, तू मागच्या सोमवारी येऊन गेलीस!" असं चाललं होतं.

"सगुणे," वैनी हळूच म्हणाली, "कुणाला सांगितलंस का तू?"

"न्हाई. तुम्ही?"

"उत्तम मला म्हणाला, आई, पांडवांची पंगत सापडली. मी म्हटलं, असंल बाबा. सगळ्या गावाला आनंद झालेला. मी काय सांगू? आणि कसं सांगू?" मग म्हणाली, "तुझी आई लई उंच व्हती न्हाई? का मी खाली बघायची म्हणून मला तशी वाटायची?"

"तुम्ही तर वर उभ्या असायचा वैनी. चौथऱ्यावर."

"व्हय की," ती म्हणाली. "मी वर असायची."

तेवढ्यात मंदाचा नंबर आला. मी वळून पाहिलं. तिनं पदर डोक्यावरून घेतला, वाकली, लोटीतलं दूध सहाव्या खळग्यात ओतलं. तुळशीचं पान खळग्यात गोल फिरलं आणि कडेला लागलं. तिचे ओठ हलत होते.

"तीर्थ घे बाई," उत्तमची बायको वरून म्हणाली. "ओंजळ कर. जरा खाली वाक. पळीला हात लावू नको हं, सोवळं आहे. मी वरून सोडते."

प्रत्येकीला ती तेच सांगत होती, ब्राह्मणाची असो की शिंप्याची. तिच्या मनात काही नव्हतं. आणि मंदानंही मन लावून ओंजळ केली, पुढे झुकली, मान खाली घालून वरून पडणाऱ्या धारेची वाट बघत राहिली.

मी बाकड्यावरून कधी उठले ते मला कळलं नाही. माझ्या हातात मंदाची दोन्ही मनगटं होती.

"ऊठ," मी म्हटलं. "वंजळ सोड. सरळ उभी ऱ्हा."

"आत्या! काय करताय?" मंदा घाबरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं तीर्थ..."

"तीर्थ न्हाई ते. आणि हा खळगा द्रौपदीचा न्हाई. हा माझा हाय."

घंटा वाजवणारी बाई थांबली. कुणीतरी फिदीफिदी हसलं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अंगात आलं वाटतं बाईच्या."

"माझ्या काही अंगात आलेलं न्हाई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "हे पाच खळगे हायत ना, हे आमच्या घागरींचे. आम्हांला ह्या चौथऱ्यावर चढायची बंदी व्हती. विहिरीला शिवायचं न्हाई, पोहऱ्याला शिवायचं न्हाई. आमच्या बाया हितं खाली घागरी घेऊन बसायच्या. वरची बाई आपलं पाणी भरून झालं की, तिच्या मनात आलं तर, वरून वतायची. पाणी पडताना आमचा हात घागरीला असता तर धारेतनं इटाळ वर चढला असता. म्हणून घागर धरायची न्हाई. आणि बिनधरलेली घागर कलंडती. कलंडू नये म्हणून हे खळगे. कुणी कवा खणले ते मला ठाव न्हाई. पण हा सहावा माझ्या आईनं खणला. माझ्यासाठी."

उत्तमच्या बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली, तिच्यातून थेंब गळत होते.

"मावशी," उत्तम पुढे आला. रागावला नव्हता, गोंधळला होता. "तुमचा काही गैरसमज होतोय. आमच्या घरची विहीर ही. माझ्या आजोबांच्या काळापासून... असं काही असतं तर आम्हांला माहीत नसतं का?"

"खरं बोलतीया ती."

वैनी खुर्ची धरून उठत होती. उत्तम तिला सावरायला धावला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. चाचपत चाचपत ती दगडाकडे वळली. पहिल्यांदाच.

"वरून वतणारी मी व्हते," ती म्हणाली. "लगीन होऊन आले तवा चौदा-पंधराची असंन. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं, हात उंच धर, धार तोडून वत, खालच्या भांड्यात बघू नको. मी बघायची. ही सगुणा एवढीशी, तिचा मातीचा बारका मोगा. मोठ्या खळग्यात तो बसायचा न्हाई, आत लवंडायचा. बाहेर ठेवला की धारेसरशी कलंडायचा. एकदा फुटला. ही रडली न्हाई, नुसती खापऱ्या गोळा करत बसली. सासूबाई मला म्हणाल्या, पाणी वाया घालवलंस."

"आई," उत्तम म्हणाला, "तू कधी बोलली नाहीस."

"तू कवा विचारलंस? तू म्हणालास पांडव. पांडवांनी तरी पाण्यासाठी एवढी वाट बघितली असंल का रं?"

मग ती माझ्याकडे वळली. तिची नजर माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला होती, तिथंच मी आहे असं समजून ती बोलत होती.

"सगुणे, तुझ्या आईनं हा खळगा कशानं खणला, आठवतं का?"

"लोखंडाचा तुकडा व्हता. नांगराचा झिजलेला फाळ. पाण्याची वाट बघत बसायची तेवढ्या वेळात ती खणायची. वरून दगड मारायचा आणि फाळ फिरवायचा. एक अख्खा उन्हाळा. मी इचारलं तर म्हणायची, चौथऱ्याखाली सापडला."

"सापडला," वैनी म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. "आमच्या गोठ्यातला फाळ तो. पदराखाली आणला आणि पाणी वतताना खाली सोडला. दगडावर पडला तो खणकन. तुझ्या आईनं वर बघितलं. मी विहिरीत बघितलं. ना ती बोलली, ना मी. घरी सासरे आठ दिस फाळ हुडकत व्हते. गड्याला शिव्या बसल्या."

माझी आई जाऊन त्या दिवशी तीसेक वर्षं झाली होती. इतकी वर्षं मी समजत होते की तो खळगा एकट्या आईनं खणला. आई खोटं बोलली होती, आणि का बोलली तेही मला कळलं. फाळ देणारी बाई कोण ते सांगितलं असतं आणि मी पोरवयात कुठं बोलून गेले असते, तर त्या चौदा वर्षांच्या पोरीची त्या घरात काय गत झाली असती.

वैनी खाली बसायचा प्रयत्न करू लागली. मी तिला दगडाच्या कडेवर बसवलं. तिनं बोटांनी एकेक मोठा खळगा चाचपला आणि शेवटी सहाव्यात हात घातला. दूध तिच्या मनगटापर्यंत आलं.

"वाकडा खणलाय आवडानं," ती म्हणाली.

"घाई व्हती तिला," मी म्हटलं. "मी वाढत व्हते."

त्या सोमवारी पुढे कुणी दूध ओतलं नाही. बाया हळूहळू पांगल्या. एकदोघी माझ्याजवळ येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. घंटा वाजवणारी म्हणाली, "माझी आजी असं काहीतरी सांगायची, आम्ही हसायचो." एक जण मात्र जाता जाता बोललीच, "चांगल्या देवाचं वाटोळं केलं म्हातारींनी."

घरी येताना रिकामी लोटी मंदाच्या हातात उलटी होती. वस्तीच्या वळणावर ती थांबली.

"आत्या, तुम्ही मला घरीच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गेली नसतीस. आणि उद्या तुला वाटलं असतं, म्हातारीनं आडवलं म्हणून माझं राहिलं."

ती पुढे चालू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमचा मोगा केवढा होता?"

मी दोन्ही हातांनी दाखवला. तिनं आपले हात माझ्या हातांवर ठेवून मापून बघितला.

गोष्ट विलासला कळायची ती कळलीच, गावात असं झाकून राहत नाही. तो मंदावर रागावला नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीतली चारपाच पोरं घण घेऊन निघाली. म्हणाली, असला दगड गावात राहायलाच नको. त्यांचंही खरं होतं. मी त्यांच्याआधी जाऊन दगडावर बसले.

"फोडा. पण माझ्या आईचा फोटो न्हाई माझ्याकडं. नाव कुठं लिहिलेलं न्हाई. हा एवढा खळगा काढून मला घरी न्यायला देत असाल तर बाकीचा फोडा."

पोरं घण टेकून उभी राहिली. एक म्हणाला, "आजी, तेवढाच कसा काढायचा?" मी म्हटलं, "मग बसा माझ्याजवळ." ती बसली. त्यांना मी सगळं सांगितलं, वैनीचा फाळ धरून. घण परत गेले.

उत्तमनं पाटी उतरवली. नवी लिहायची म्हणून तो कितीतरी वेळा माझ्याकडे आला, काय लिहू मावशी, काय लिहू. मी अक्षरं शिकले होते, पण त्या पाटीवर काय बसेल ते मला सुचलं नाही. वैनीला विचारलं तर ती म्हणाली, "नको लिहूस. लोक इचारतील. इचारलं की सांगायचं." शेड राहिली. शेंदूर पावसानं गेला. पुढल्या हिवाळ्यात वैनी गेली.

मंदाला चार वर्षांनी मुलगी झाली. नणंद म्हणते माझ्या टोमण्यांनी झाली, डॉक्टरीणबाई म्हणतात औषधानं. मंदा मात्र कधी एकटी असली की हळूच म्हणते, "आत्या, दूध तर ओतलं होतं ना मी." मी हसते. म्हणते, "व्हय बाई, आवडानं घेतलं असंल ते."

परवा नातीला घेऊन मी विहिरीवर गेले होते. ती आता शाळेत जाते. दगडावरून उड्या मारून झाल्या, तहान लागली, पाणी प्यायली आणि गळ्यातली निळी बाटली तिनं सहाव्या खळग्यात ठेवायला घेतली. बाटलीचं बूड सपाट. बसेना. ठेवली की कलंडायची, पुन्हा ठेवली की पुन्हा कलंडायची. पाणी दगडावर सांडलं.

"आजी, ही नीट राहतच नाही इथं. काय करू?"

"हातानं धर की," मी म्हटलं.

तिनं धरली.